आवाज साफ नाही

सौंसर, १० ऑगस्ट १९५६

प्रभाकर,

तीन वर्षांनी भावाचं पत्र आलं म्हणजे माणूस त्यात आधी कुणी गेलं की काय ते शोधतो. म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, घरी सगळे बरे आहेत. बापूजी रोज संत्र्यांच्या बगीच्यात जातात, दोन वेळा नीट जेवतात. तुझी वच्छलावहिनी बरी आहे. मी अजून शाळेतच आहे आणि अजून पोरांवर खेकसतो.

काम दुसरंच आहे. आम्ही रेडिओ घ्यावा म्हणतो. तू सीताबर्डीवर रेडिओच्या दुकानात असतोस, सेट खोलून दुरुस्त करतोस, असं शेजारच्या पुंडलिकरावांनी सांगितलं. ते तुला रस्त्यावरून पाहून आले, आत काही शिरले नाहीत. तर एका माहितगार माणसाला विचारावं, एवढाच या पत्राचा हेतू. त्यात दुसरं काही शोधत बसू नकोस.

माझा प्रश्न असा. दीडशेचाही सेट मिळतो आणि साडेपाचशेचाही. स्टेशन तेच, नागपूर. बातम्या देणारा माणूस तोच. साडेपाचशे मोजले म्हणून तो काही आपल्याला वेगळी बातमी देणार नाही. मग एवढा फरक कशाचा? लाकडाचा? माझ्या पाच-सहा महिन्यांच्या पगाराचं लाकूड घरात आणून ठेवायचं म्हणजे मला विचार करायला नको का?

पुंडलिकरावांनी उन्हाळ्यात लहान सेट घेतला. सगळी गल्ली संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसते. बापूजीही जातात. रोज अर्धा तास बसतात, उठतात, घरी येतात आणि म्हणतात, "आवाज साफ नाही. पोटातल्या पोटात बोलून राहिला तो मानूस." मी स्वतः बसून पाहिलं, मला तर चांगलं ऐकू आलं. पण बापूजी नाही म्हणाले म्हणजे नाही, हे तुला सांगायला नको.

त्यांना बातम्या कशासाठी हव्यात तेही तू ओळखलं असशील. मोहगावच्या बाजारात दर आठवड्याला नवी आवई उठते. एकदा सौंसर विदर्भाबरोबर मुंबई राज्यात जातं, एकदा पांढुर्णा जातं आणि सौंसर राहतं, एकदा दोन्ही गावं भोपाळला जोडली जातात. मी सातवीला मराठी शिकवतो. पुढल्या वर्षी काय शिकवीन, कुणास ठाऊक. शाळेत कुणाचं मन लागत नाही, माझंही नाही. वर्तमानपत्र आलं का ते पाहायला तास सोडून मी दोन-दोनदा पोस्टापर्यंत जाऊन येतो. बापूजींना ही बातमी कुणाच्या तोंडून नको, थेट रेडिओतून हवी आहे.

आपल्या गल्लीत अजून विजेचे खांब आलेले नाहीत, तेव्हा बॅटरीवरचाच सेट लागेल. कोणता घ्यावा आणि महाग घेण्यात अर्थ आहे का, ते स्पष्ट कळव.

वहिनी तुझी आठवण काढते. मी काढत नाही असं नाही.

श्रीकांत


सौंसर, २७ ऑगस्ट १९५६

प्रभाकर,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दुकानाचा छापील कागद! वर दुकानाचं नाव, खाली "महोदय, आपल्या दिनांक दहाच्या पत्राच्या संदर्भात". मी महोदय? जामसावळीच्या मारुतीला जाताना तुझ्या पायात काटा मोडला, तेव्हा दोन कोस तुला खांद्यावर कुणी नेलं होतं? महोदयांनी? मी तो कागद रागानं चुलीत टाकायला निघालो होतो. वच्छलानं हातातून काढून घेतला आणि म्हणाली, "अवं, अक्षर तं त्यायचंच आहे ना? मंग?"

मग मी तो चार वेळा वाचला. काम तू चोख केलंस, ते कबूल करतो. आतले काचेचे व्हॉल्व्ह जास्त असले की दूरचं स्टेशन ओढून आणतात, पेटी मोठी आणि लाकडाची असली की आवाज भरीव होतो, लहान सेटमध्ये तो पत्र्यावर बोट वाजवल्यासारखा येतो, हे सगळं समजलं. शेवटचं वाक्य तर मी फळ्यावर लिहावं इतकं आवडलं: "ग्राहकाने मोठा सेट आधी ऐकून पाहावा, किंमत कानाने ठरवावी." पांढुर्ण्याचे कापसाचे व्यापारी भगवंतराव यांच्याकडे तसला सेट आहे. पोळा झाला की बापूजींना घेऊन तिकडे जाईन.

इथं पत्र संपवायला हवं होतं. दोनदा सही करायला टाक उचलला आणि दोनदा खाली ठेवला.

तू मला महोदय का म्हणतोस ते मला कळतं रे. तू नागपुरात रजिस्टर लग्न केलंस, आम्हाला कुणाला बोलावलं नाहीस, आणि वैशाखात भर दुपारी सुधाला घेऊन दारात उभा राहिलास. "बापूजी, आत येऊ का?" म्हणालास. बापूजींनी तुझ्याकडे पाहिलं, उठले आणि पाठ फिरवून आत गेले. तू गेलास. यात मी काय करणार होतो? आपल्या घरात बापूजींसमोर आवाज चढवून कधी कुणी बोललं आहे का? मान खाली, आवाज खाली, हीच आपली रीत. आई होती तेव्हा ती त्यांच्या उजव्या हाताला बसायची आणि आपलं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचवायची. ती गेल्यापासून ते आणखीच अबोल झाले. काही विचारलं तर "हूं". त्या "हूं"चा अर्थ लावण्यात माझा अर्धा जन्म चालला आहे. त्यांच्यासमोर मी तोंड उघडलं नाही, यात माझा काय दोष?

वच्छला म्हणते, हे पत्र टाकू नका. मी टाकतो आहे.

श्रीकांत


सौंसर, ९ सप्टेंबर १९५६

प्रभाकर,

दुकानाच्या कागदावरचं तुझं दुसरं पत्र आलं, फक्त किमतींचा तक्ता. बरं. मीही कामाचंच लिहितो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार आटोपू दिली आणि गुरुवारी बापूजींना घेऊन पांढुर्ण्याला गेलो. भगवंतराव हाताला पट्टी बांधून बैठकीत बसले होते, नदीवर पलीकडच्या गावानं फेकलेला गोटा लागला होता म्हणे. पन्नाशीचा माणूस, पण चेहऱ्यावर पदक मिळाल्याचा आनंद. शेजारी तो सेट. धान्याच्या पेटीएवढा, सागवानी, पुढं सोनेरी कापड लावलेलं. भगवंतरावांनी तो स्वतःच्या हातानं लावला, दुसऱ्या कुणाला खुंटीला हात लावू देत नाहीत.

कुणीतरी बाई गात होत्या. प्रभाकर, त्यांनी ओळ संपवून श्वास घेतला तो मला ऐकू आला. पुंडलिकरावांच्या सेटवर नुसतं गाणं येतं, इथं बाई समोर बसल्या होत्या. मी आजवर महाग वस्तूंना नावं ठेवत आलो, ती न ऐकताच ठेवत आलो, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. साडेपाचशे काय, मी बगीच्यातली दोन ओळी झाडं दिली असती. मला इतकं आवडलं की मी बापूजींच्या तोंडाकडे पाहायचंच विसरलो.

पाहिलं तर ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते. भगवंतराव मोठ्या उमेदीनं म्हणाले, "काय बापूजी, कसा आहे?" बापूजी "हूं" म्हणाले. मग थोड्या वेळानं माझ्याकडे वळून म्हणाले, "आवाज साफ नाही."

भगवंतरावांनी सेट बंद केला. चहा आला, तो पिऊन आम्ही निघालो. परतीच्या मोटारीत मी बापूजींशेजारी बसून मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होतो. लहान नको, मोठा नको, मग हवं तरी काय? की माझ्या हातून काहीच नको? ते खिडकीतून पऱ्हाटीची शेतं पाहत होते. वाटेत एकदा मी धीर करून विचारलं, "बापूजी, सेट खरंच वाईट होता का?" त्यांनी उत्तर दिलं नाही. डोळेही हलवले नाहीत. मी गप्प बसलो, गप्प बसण्याची मला सवय आहे.

तीन दिवस झाले, जिवाला चैन नाही. शाळेत शिकवताना मधेच थांबतो. काल वच्छलाला उगाच बोललो.

आता एकच करतो. तुमच्या दुकानातला उत्तम सेट तू तुझ्या पसंतीनं निवड आणि पाठव. तक्ता नको, सल्ला नको. तू निवडलेला सेटही त्यांनी नाकारला, तर मी पुन्हा रेडिओचं नाव काढणार नाही. आवडला तर तो तुझा आहे हे मी त्यांना सांगीन. निदान सांगण्याचा प्रयत्न करीन.

त्या वैशाखातल्या दुपारची एक गोष्ट मी मागच्या पत्रात लिहिली नाही. वच्छला रोज विचारते, लिहिली का म्हणून. आज नाही लिहीत.

श्रीकांत


सौंसर, ३० सप्टेंबर १९५६, रविवार

प्रभाकर,

हे पत्र लांबेल. बसून वाच. सुधा जवळ असेल तर तिलाही वाचून दाखव.

सेट शुक्रवारी छोट्या गाडीनं आला. स्टेशनवरून बैलगाडीत, खाली तणस घालून, मी स्वतः शेजारी चालत घरी आणला. पेटी खोलली तर दुकानाचा कागद कुठंच नव्हता. प्रत्येक तारेला सुतळीनं बांधलेली चिठ्ठी, तुझ्या अक्षरात. एकीवर लिहिलं होतं: "ही तार जमिनीत पुरायची. न्हाणीच्या मागं, कढीपत्त्याच्या झाडाजवळ. तिथं बारा महिने ओल असते." ती चिठ्ठी वाचून वच्छला न्हाणीमागं गेली आणि बराच वेळ आली नाही.

काल शनिवार, शाळा लवकर सुटली. पोस्टातून रेडिओचं लायसन्स आधीच काढून ठेवलं होतं. दुपारी चारच्या सुमारास सेट ओसरीवर मांडला, जाळीची एरियल आढ्याखाली ताणली, तार पुरली, बॅटरी जोडली. बापूजींना समोर खुर्ची दिली. पुंडलिकराव आले, वच्छला आतल्या दाराशी उभी राहिली. मी खुंटी फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली, तरी काही नाही. साधी खरखरसुद्धा नाही. मी पेटीच्या मागं वाकलो, तारा काढल्या, लावल्या. पुंडलिकराव पेटीला कान लावून बसले. सगळे श्वास रोखून होते. तीन वर्षांनी भावाच्या हातची वस्तू घरात आली आणि ती मुकी निघाली!

तेवढ्यात बापूजींनी मान डोलावली. दोन-तीनदा डोलावली, आणि समाधानानं म्हणाले, "आता कसं! हा साफ बोलून राहिला."

पुंडलिकराव हसणार होते, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले नाहीत. मी पेटीमागून उठलो. बापूजी त्या बंद रेडिओकडे पाहत मान डोलावत होते. पांढुर्ण्याच्या मोटारीतलं सगळं मला एकदम आठवलं, सगळे "हूं" आठवले. पुंडलिकराव मुकाट्यानं उठून घरी गेले. माझ्या पिशवीत शाळेची पाटी होती. मी तिच्यावर लिहिलं, "बापूजी, रेडिओ बंद आहे," आणि त्यांच्यासमोर धरली.

त्यांनी वाचलं. पेटीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. धोतराच्या सोग्यानं पाटी पुसली आणि म्हणाले, "मले वाटलं, तुम्ही सारे ऐकून राहिले."

मी लिहिलं, "कधीपासून?"

"तुयी माय होती तवाच कमी झालं होतं. तीच सांगे मले, या उजव्या कानात. माय गेली अन् मंग सारंच गेलं."

"सांगितलं काहून नाही?" हे मी लिहिलं नाही, ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर ओरडलो, आणि त्यांना थोडंसं पोचलंही असावं, कारण त्यांनी दचकून पाहिलं.

"बहिऱ्या बुढ्याले कोन इचारते? तुम्ही माह्यासमोर मान खाली घालून हळू बोलता. मी हूं म्हनतो. चालून तं राहिलं होतं."

बघ, प्रभाकर. आपण ज्याला मान देणं म्हणत होतो, त्याच्या आड हा माणूस चार वर्षं लपून बसला होता आणि आपल्याला कळलं नाही. पुंडलिकरावांचा सेट पोटात बोलतो म्हणाले, कारण बातम्या देणाऱ्याचे ओठ त्यांना दिसत नव्हते. माझे दिसत, म्हणून थोडंफार उमगे. तेही मी मान खाली घातली की नाही.

आता ऐक. वच्छला आतल्या दारातून बाहेर आली. अकरा वर्षांत ती सासऱ्याशी थेट एक शब्द बोललेली नाही. तिनं डोक्यावरचा पदर सावरला, माझ्या हातातून पाटी घेतली आणि लिहिलं, "भाऊजी त्या दिवशी दारात तीनदा म्हणाले, बापूजी, आत येऊ का?"

बापूजींनी एकेक अक्षर ओठ हलवत वाचलं. "तीनदा?" वच्छलानं तीन बोटं दाखवली.

त्यांनी पाटी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मले वाटलं, तो दारातूनच सांगून राहिला, मी आता येत नाही म्हनून. म्हटलं, लुगडं तं देऊ, तेच आनाले आत गेलो होतो. तुयी माय धाकट्या सुनेसाठी ठेवून गेली होती, हिरवं. पेटी उघडून बाहेर येतो तं दारात कोनी नाही."

आता ती गोष्ट लिहितो. तुम्ही येताना दिसलात तेव्हाच वच्छलानं भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेतला होता. ती सुधाला ओवाळायला आतल्या दाराशी तयार उभी होती. बापूजी उठून आत गेले आणि मी ठरवून टाकलं की ते रागानं गेले. मी हातानं वच्छलाला खूण केली, थांब. तू ती खूण पाहिलीस. माझ्या तोंडाकडे पाहिलंस, मी जमिनीकडे पाहिलं, आणि मगच तू वळलास. बापूजी परत आले तेव्हा त्यांच्या काखेत काहीतरी घडी केलेलं होतं. त्यांनी रिकाम्या दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हाही जमिनीकडेच पाहत होतो. ते काय आहे म्हणून विचारलं नाही. तुझ्यामागं धावलो नाही. कोपऱ्यावर पोचला होतास फक्त.

बापूजींना ऐकू आलं नव्हतं. मला आलं होतं, तिन्ही वेळा.

सत्तावीस ऑगस्टच्या पत्रात मी विचारलं होतं, माझा काय दोष. त्याचं उत्तर मला मिळालं आहे, तू देऊ नकोस. तू रागावलेला राहिलास तर मी काही म्हणणार नाही. पण बापूजींवर रागावू नकोस. तीन वर्षं ते तुझ्यावर रुसलेले नाहीत. तूच त्यांना सोडून गेलास असं समजून ते गप्प बसले आहेत.


सोमवार, १ ऑक्टोबर

काल पत्र टाकलं नाही, बरं झालं. संध्याकाळी सेट लागला. एक चिठ्ठी मी वाचलीच नव्हती, पेटीच्या आतल्या बाजूला होती: "प्रवासात व्हॉल्व्ह ढिले होतात. अंगठ्यानं दाबून बसवावे." पोरांना प्रश्न पूर्ण वाचायला सांगणारा मास्तर मी! दाबले आणि ओसरीवर माणूस बोलायला लागला.

बापूजी बाजूलाच बसले होते. त्यांनी सहज पेटीवर हात टेकला आणि तसाच ठेवला. मग डोळे मिटले. तबला सुरू झाला तेव्हा म्हणाले, "बोलून राहिला. हातात येऊन राहिलं." वच्छलानं पुंडलिकरावांचा लहान सेट मागून आणला आणि त्यावर त्यांचा हात ठेवून पाहिला. त्यांनी मान हलवली, नाही. तेव्हा साडेपाचशेच्या सेटमध्ये एवढं काय असतं, हा माझा दहा ऑगस्टचा प्रश्न मिटला. लाकडाचेच पैसे असतात, आणि ते द्यावेत. सेट परत येणार नाही. बातम्या मी ऐकतो आणि पाटीवर लिहून देतो. पहिल्या नोव्हेंबरला तुझं नागपूर मुंबई राज्यात जाईल, आमचं सौंसर इकडंच राहील, हे काल मीच त्यांना लिहून दिलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "नागपूरची गाडी तं तीच राहील ना?" मी हो म्हणून लिहिलं.

दसऱ्याला ये. दारात थांबून हळू विचारू नकोस, ती आपली रीत नागपुरातच ठेव. विचारायचंच असेल तर गल्ली गोळा होईल इतक्या मोठ्यानं ओरड. वच्छला आतल्या दाराशी उभी राहणार नाही, ती बाहेरच्या उंबऱ्यावर उभी राहणार आहे. या वेळी माझी खूण ती पाळणार नाही असं तिनं मला स्वच्छ सांगितलं आहे.

खालच्या ओळी माझ्या नाहीत. बापूजींनी टाक मागून घेतला. मी चार दिवस लावले असते ते त्यांनी पाच मिनिटांत लिहिलं. अक्षर वाकडं आहे, पण लागेल तुला.

तुझा दादा


प्रभाकर, मले ऐकू येत नाही. चार वर्ष झाले. कोनाले सांगितलं नाही. तुले सांगतो. पन दिसते मले. सुनेले घेऊन ये.